उंबऱ्यात झटकलेला पदर

तुमच्या घरातली एखादी वस्तू हरवली, तर तुम्ही आधी ती शोधता, की आधी कुणाकडे तरी बघता?

उत्तर मला देऊ नका, तुमचं तुमच्याजवळ ठेवा. माझ्या मायकडे ज्यांनी बघितलं ती माणसं वाईट नव्हती, हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवते. वाईट माणसांवर लिहिणं सोपं असतं. तसली पत्रकं मी पुष्कळ वाचली आहेत, थोडी लिहिलीही आहेत.

माय जुन्या जालन्यात, मस्तगडच्या एका बोळात चार घरची धुणीभांडी करायची. आमची वस्ती नदीच्या अंगाला होती. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. त्यांची भाकर बांधून दिली की माय निघायची आणि ऊन कलल्यावर परत यायची. चार घरांतलं पहिलं आणि मोठं घर होतं भुसाराच्या एका दुकानदाराचं. त्या घरच्या मालकिणीला माय नुसतं ‘बाई’ म्हणायची, म्हणून मीही इथं बाईच म्हणते. बाकीच्या तीन घरांत मायला काम मिळालं ते बाईंच्या शब्दावर. ‘आमच्याकडं येते, हाताची स्वच्छ आहे,’ एवढंच बाईंनी सांगितलं होतं. मायची सगळी कमाई या एका वाक्यावर उभी होती. ते वाक्य मागं घेतलं गेलं तर चारही दारं एकदम बंद होणार, हे बाईंना माहीत होतं आणि मायलाही.

बाईंच्या घरात माय मागच्या दारानं यायची आणि अंगणातल्या मोरीवर बसून काम करायची. स्वयंपाकघराचा उंबरा तिनं सहा वर्षांत कधी ओलांडला नव्हता. घासलेली भांडी ती फळीवर पालथी घालायची, बाई त्यांच्यावर पाणी शिंपडायच्या आणि मग आत न्यायच्या. देवाची भांडी तर बाहेर येतच नसत. ती बाई स्वतः आत बसून चिंचेनं घासायच्या. मायचा चहाचा कप अंगणातल्या कोनाड्यात असायचा.

पण त्याच बाईंनी दुष्काळाच्या दोन वर्षांत मायचं काम एक दिवस बंद केलं नाही. मोरीला पाणी नव्हतं, भांडी राखेनं कोरडी घासून फडक्यानं पुसायची पाळी आली होती. तेवढं काम बाईंच्या दोन्ही लेकींनीही केलं असतं. तरी रोज बाई म्हणायच्या, उद्या जल्दी ये. घरोघर रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी होत्या, त्या काळात बाईंनी मायच्या ओटीत मूठमूठ हरभऱ्याची डाळ घातली आहे. मला गोवर आला तेव्हा त्यांनी आपल्या लेकीची लोकरीची शाल पाठवली होती. ती शाल अजून आमच्याकडे आहे. म्हणून म्हणते, सोपं नाही.

आता पदराची गोष्ट. काम संपलं की माय हातपाय धुवायची, कमरेला खोचलेला लुगड्याचा पदर सोडायची आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यात उभी राहून तो दोन्ही हातांनी झटकायची. एकदा, दोनदा. बाई दारात उभ्या असायच्या. माय ‘येते बाई’ म्हणायची, बाई ‘ये’ म्हणायच्या. पदरात राख असते, भाज्यांच्या साली असतात, त्या झटकायच्या, असं त्याचं दिसायला कारण होतं. खरं कारण पदरात काही नाही हे दाखवणं. मायला हे कुणी शिकवलं? तिच्या आधी त्या घरी काम करणाऱ्या म्हातारीनं. त्या म्हातारीला कुणी शिकवलं, ते ती म्हातारीच जाणे.

आमच्या वस्तीतल्या बहुतेक पोरींच्या माया अशीच कामं करायच्या. आम्ही भातुकली खेळायचो तेव्हा जी पोरगी ‘पाहुणी’ व्हायची, ती निघताना उंबरा म्हणून ठेवलेल्या विटेवर उभी राहून फ्रॉक झटकायची. आम्हाला वाटायचं, कुणाच्याही घरून निघताना असंच करतात. हळदीकुंकवाला जशी ओटी भरतात, तसं निघताना झटकायचं. एकदा बाबा जिनिंगवरून लवकर आले आणि त्यांनी आमचा तो खेळ पाहिला. त्यांनी पायानं ती वीट भिंतीच्या कडेला सारली आणि घरात गेले.

बाबा रात्रशाळेत वाचायला शिकले होते. पगाराच्या दिवशी ते घरी गूळ आणायचे आणि चळवळीची एक पातळ पुस्तिका आणायचे. आठ पानी, सोळा पानी, गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदावर छापलेली, हाताला शाई लागणारी. मी अक्षरं शिकले ती अंकलिपीतून, पण वाचायला शिकले ती या पुस्तिकांतून. माय भाकरी थापायची आणि मी मोठ्यानं वाचायची. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं ती विसरत नसे. मध्येच विचारायची, ‘मागच्या पानावर तर ते उलटं म्हणत व्हते न्हाई का?’ आणि मी मागं जाऊन बघितलं की बराबर तसंच असायचं.

त्यामुळे नववीत गेले तेव्हा मी आगीचा बंब होते. पदर झटकणं म्हणजे काय, हे आता मला कळत होतं. मी मायशी रोज भांडायची. उद्यापासून झटकू नकोस म्हणायची. माय म्हणायची, ‘झटकल्यानं माझ्या अंगचं काय कमी झालं? तू आधी तुझा फ्रॉक धू.’

त्या वर्षी ज्येष्ठात बाईंच्या घरी मालकांची थोरली बहीण आली होती. दरवर्षी ती पैठणकडच्या आपल्या गावाहून कैरीचं लोणचं घालायला यायची. बाई तिला वन्सं म्हणायच्या. तिचं सोवळं फार कडक. ती असेपर्यंत मायनं मोरीवरही बसायचं नाही, अंगणाच्या पार टोकाला लिंबाखाली भांडी घासायची, असा नियम व्हायचा. माय घरी येऊन तिची नक्कल करून दाखवायची. ओलेत्यानं लुगडं वर धरून, टाचांवर चालत, ‘लांब हो, लांब हो, लोणचं बिघडल.’ बाबाही हसायचे. पंधरा दिवसांनी बरण्यांच्या तोंडाला फडक्याचे दादरे बांधून ती यष्टीनं निघून गेली आणि माय परत मोरीवर आली.

त्यानंतर आठदहा दिवसांनी चतुर्थी होती. बाईंच्या घरचे त्या दिवशी राजूरला गणपतीच्या दर्शनाला जायचे. घरून मोदक करून न्यायचे आणि ते एका चांदीच्या वाटीत घालून देवापुढं ठेवायचे, ही त्यांची जुनी रीत. वाटी बाईंच्या माहेरची होती, तळहातात मावेल एवढी, काठाला वेलबुट्टी. त्या सकाळी देवघरात वाटी सापडली नाही.

पहिला दिवस शोधण्यात गेला आणि सगळ्यांत जास्त मायनं शोधलं. मोरीच्या नाळीत तिनं कोपरापर्यंत हात घातला. उकिरड्यावरची राख चाळणीनं चाळली. बाई म्हणत होत्या, असू दे, सापडंल. मोदक पितळेच्या वाटीत गेले. दुसऱ्या दिवशी बोळातल्या बाया मागच्या अंगणात जमल्या. समोरच्या घरची बाई, जिच्याकडे माय धुणं धुवायची, तीच बोलली की घरचं माणूस घरची वाटी कशाला नेईल. बाकीच्यांनी मोरीकडे बघितलं. माय तिथं तवा घासत होती. ती म्हणे तवा घासतच राहिली, इतका की त्याचा काठ झळकायला लागला.

चौथ्या दिवशी निघायच्या वेळी बाईंनी तिला थांबवलं. पदर झटकून झाला होता. हे पुढचं बोलणं मायनं मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तिथंच उभी होते असं वाटतं.

बाई म्हणाल्या, ‘माझ्या मनात काही नाही गं. पण बाया मला जगू देत नाहीत. तू एक कर. येत्या मंगळवारी आमच्यासोबत राजूरला चल. गणपतीवरचं एक फूल उचल आणि म्हण, मी घेतली नाही. मग कुणाची बोलायची टाप नाही.’

यात दुष्टावा नव्हता. बाईंना माय हवी होती. बोळाचं तोंड बंद करायला त्यांना सुचलेला हा उपाय होता, आणि राजूरच्या देवापुढं खोटं फूल उचललं तर डोळे जातात असं आमच्या भागात सगळेच मानायचे. मायच्या जाण्यायेण्याचा खर्चही बाईच करणार होत्या. त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यांनी सुटकेची वाट काढून दिली होती.

पण माय छप्पन सालानंतरच्या पहिल्या वर्षांत, नवी नवरी असताना, पांढरं लुगडं नेसून हजारो माणसांत उभी राहिली होती आणि बावीस प्रतिज्ञा बोलली होती. त्यांत गणपतीला देव मानणार नाही, हेही होतं. त्या दिवसापासून तिनं कुठल्याच देवाला हात जोडले नव्हते.

ती म्हणाली, ‘बाई, शपथ म्या एकदा घेतलीया. तिच्यावर दुसरी घेता येत न्हाई.’

बाईंना आधी कळलं नाही. मग कळलं. त्या म्हणाल्या, ‘एका फुलाचं तर काम आहे. मनात नको मानूस.’

‘मनात न मानता उचललेल्या फुलावर तुमी इस्वास ठेवताल का?’

माय पुढं म्हणाली, ‘आन् तुमच्या देवघराला दार कुणीकडून हाय ते बी मला ठावं न्हाई. तिथली वाटी मी कशी आणन?’

याला उत्तर दिलं ते बोळानं. दुसऱ्या दिवशी बोळात बोललं गेलं की वाटी देवघरातून गेली, म्हणजे ती आत शिरली होती. चोरी होतीच, आता विटाळही झाला. देवघर गोमूत्र शिंपडून धुतलं गेलं. आठ दिवसांत चारही घरांतून निरोप आला की सध्या येऊ नको.

वस्तीतल्या बायांना माय चुकली असं वाटलं. शेजारची मावशी तर रोज यायची. ‘उचल की माय एक फूल. तुला कोण बघाय येतंय? पोटापुढं कसली शपथ?’ माय तिला चहा द्यायची आणि विषय बदलायची. बाबांनी एकदाच विचारलं, ‘तू काय ठरिवलंस?’ माय म्हणाली, ‘न्हाई उचलत.’ बाबा म्हणाले, ‘मंग झालं.’ पुढच्या पगारापासून त्यांनी जिनिंगवरून येताना गूळ आणणं बंद केलं. पुस्तिका बंद केली नाही.

माय खुरपायला जायला लागली. पहाटे बायांचा जथ्था निघायचा, दोन-अडीच कोसांवरच्या शेतात. भांडी घासणाऱ्या हाताला खुरपं नवीन नव्हतं, पण सहा वर्षं मोरीवर बसून तिची कंबर वाकायचं विसरली होती. रात्री ती पालथी झोपायची आणि मी तिच्या कमरेवर उभी राहून पायानं दाबायची.

आणि मी काय करत होते? मी लिहीत होते. मी एक पत्रक तयार केलं. ‘मस्तगडच्या मालकिणींना जाहीर सवाल’ असं त्याचं नाव होतं. बाबांकडून कार्बन कागद मागून घेतला आणि दाबून दाबून सात प्रती काढल्या. त्या चार दारांवर, वडाच्या पारावर आणि दोन दुकानांच्या फळ्यांवर चिकटवायच्या ठरवल्या. खळही करून ठेवली होती. मायनं ती खळीची वाटी बघितली आणि विचारलं, काय चिकटवतीस? मग म्हणाली, आधी वाचून दाखव.

मी वाचलं. उभं राहून, आवाज चढवून वाचलं. दोन पानं होती. हजारो वर्षांची गुलामी होती, शोषण होतं, श्रमाची लूट होती, जागे व्हा होतं. माय पाय पसरून बसली होती आणि कमरेला हात लावून ऐकत होती. मी संपवलं तशी ती म्हणाली, ‘चांगलं लिहिलंस. शब्द बी मोठे हायेत.’

मी फुगले.

‘पर तुझ्या मायनं वाटी घेतली न्हाई, हे यात एकदा बी न्हाई लिहिलं.’

मी कागद परत बघितला. खरंच नव्हतं. दोन पानांत मी सगळ्या जगाची बाजू मांडली होती आणि जिच्यावर आळ आला होता ती बाई त्यात कुठंच नव्हती. मी म्हटलं, ते तर गृहीतच आहे. माय म्हणाली, ‘गृहीत म्हंजी?’ आणि मला सांगता आलं नाही.

कारण ते गृहीत नव्हतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. पत्रक लिहायच्या दोन दिवस आधी, माय खुरपायला गेलेली असताना, मी तिची पत्र्याची पेटी उघडून बघितली होती. का बघितली? बोळात सगळ्या बाया बोलत होत्या. दुष्काळात आम्ही काय काय खाल्लं होतं ते मला आठवत होतं. मला वाटलं, असलीच तर आपण ती गुपचूप परत नेऊन टाकू. म्हणजे गुलाबी पुस्तिका पाठ असलेली मी, मीही आधी मायकडेच बघितलं. पेटीत ते पांढरं लुगडं होतं, माझी बारशाची कुंची होती, आणि तळाशी बाबांनी आणलेल्या सगळ्या पुस्तिका, दोऱ्यानं बांधलेल्या. मी सगळं होतं तसं ठेवलं. निदान मला तसं वाटलं.

पत्रकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माय शेतावर निघाली. दारापर्यंत गेली आणि आमच्याच उंबऱ्यात थांबली. माझ्याकडे तोंड करून तिनं पदर सोडला आणि झटकला. एकदा, दोनदा.

‘बघितलंस न्हवं? काय न्हाई,’ ती म्हणाली. ‘आन् ते पांढरं लुगडं घडी उलटी घातलीस तू. काठ आत पाहिजे.’

असं म्हणून ती हसली आणि जथ्थ्यामागं गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी त्या सात प्रती खळीसकट जाळायला म्हणून चुलीपुढं नेऊन ठेवल्या, पण मायनं परत आल्यावर त्यांतली एक काढून घेतली. म्हणाली, ‘कोऱ्या बाजूवर तुझा हिसाब कर, गणितात नापास व्हशील.’ ती प्रत पुढं त्या दोऱ्यातल्या गठ्ठ्यात गेलेली मी बघितली.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात बाई आमच्या घरी आल्या. नदीच्या या बाजूला, आमच्या वस्तीत, त्या पहिल्यांदाच येत होत्या. दारं मोजत, विचारत विचारत आल्या असणार, कारण त्यांच्या मागं सहासात पोरं होती. माय नुकतीच शेतावरून आली होती. तिनं गोणपाट झटकून अंथरलं, बाई बसल्या. मायनं तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापुढं धरून म्हणाली, ‘पाणी शिंपडून देऊ, का तसंच चालतंय?’

बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी तांब्या घेतला आणि घटाघटा प्यायल्या. मग म्हणाल्या, ‘वाटी सापडली.’

‘कुठं?’

‘लोणच्याच्या बरणीत.’

बाईंनी मान खाली घालून सगळं सांगितलं. वन्संना लोणच्यात मीठ आणि तेल घालायला वाटी हवी होती. घरातल्या सगळ्या वाट्या मायनं घासलेल्या. त्यांतली वापरली तर लोणचं बिघडेल, म्हणून त्यांनी घरातली एकच वाटी घेतली जिला मायचा हात कधी लागला नव्हता. देवाची. त्या वाटीनं मीठ घातलं, तेल घातलं, आणि फोडी तेलाखाली दबून राहाव्यात म्हणून तीच वाटी वर पालथी दाबून बरणीचं तोंड बांधलं. बाईंना सांगायचं राहून गेलं आणि त्या गावी गेल्या. लोणचं मुरायला महिना-दीड महिना बरणीला कुणी हात लावायचा नसतो. काल दादरा सोडला तेव्हा पळीला काहीतरी लागलं.

माय ऐकत होती. मग ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ‘म्हंजी माझा हात लागू न्हाई म्हणून लपली व्हय ती.’ बाईही आधी कसनुशा आणि मग खऱ्याच हसल्या. मला मुळीच हसू येत नव्हतं.

हसणं थांबल्यावर मायनं विचारलं, ‘लोणचं?’

‘काळं पडलं सगळं. टाकून दिलं.’

‘अख्खी बरणी?’

‘अख्खी.’

माय खरोखर हळहळली. आळ आला त्या दिवशी तिनं च्च केलं नव्हतं, ते लोणच्यासाठी केलं.

बाई म्हणाल्या, ‘उद्यापासून ये. चुकलं माझं. वन्संना पत्र टाकलंय.’

माय म्हणाली, ‘येते की. पर एक काम तुमचं राह्यलंय. वाटी गेली हे मस्तगडात बोलल्या गेलं. सापडली हे बी मस्तगडातच बोलाय पाहिजे. माझ्या घरी येऊन सांगितलं तर मला काय उपेग? मला तर आधीच ठावं व्हतं.’

‘अगं, मी कुणाकुणाला सांगत फिरू? बाया काय म्हणतील मला?’

‘मला काय म्हणल्या ते तुमी ऐकलंच की, बाई.’

बाई बराच वेळ गोणपाटाचा धागा ओढत बसल्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, उद्या सकाळी. त्या गेल्यावर माय मला म्हणाली, ‘तू लिव्हणारी हाईस ना? उद्या जाऊन बघून ये. बघून मंग लिही.’

म्हणून मी बघितलं. बाई वाटी हातात घेऊन निघाल्या. वेलबुट्टीचा काठ काजळीसारखा काळा झाला होता. पहिल्या दारात त्यांचा आवाज बाहेरच पडेना. लोणचं, वन्सं, एवढंच ऐकू आलं आणि आतून कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्या दारात त्यांनी सगळं सांगितलं. तिसऱ्या दारात, समोरच्या घरी, त्या मोठ्यानं म्हणाल्या, ‘तिनं घेतली नव्हती. आमच्याच घरात होती. मी तिच्यावर आळ येऊ दिला.’ माझ्या दोन पानांत जे वाक्य नव्हतं, ते बाईंनी सगळ्यांत आधी म्हटलं. समोरची बाई म्हणाली, मला तर तेव्हाच वाटत होतं की ती तशी नाही. तिच्यावर एक वेगळं पत्रक लिहायला हवं.

माय परत कामाला लागली, चारही घरी. पहिल्या दिवशी ती घरी आली तेव्हा मी दारातच विचारलं, पदर झटकलास का?

‘बाई आज दारात नव्हत्या. पाठमोऱ्या होऊन दाणे निवडत व्हत्या.’

‘पण झटकलास का?’

‘राख व्हती थोडी. हिथं येऊन झटकली.’

क्रांती झाली असं मी म्हणत नाही. भांड्यांवर पाणी अजून शिंपडलं जातं. कप अजून कोनाड्यात आहे आणि त्यावरून मी मायशी अजून भांडते. पण त्या पावसाळ्यानंतर एके दिवशी बाईंनी मोरीवरच्या भांड्यांत ती चांदीची वाटी आणून ठेवली. चिंचेनं काही केल्या काळेपणा जात नव्हता, आणि मला वाटतं, बाईंना आणखीही काही म्हणायचं होतं, जे तोंडानं म्हणता येत नाही. मायनं सगळी भांडी घासली आणि ती वाटी तशीच बाजूला काढून ठेवली.

बाईंनी विचारलं, ही राहिली?

‘ती तुमची तुमीच घासा, बाई. म्या देव सोडलेत.’

दोघी हसल्या म्हणे. वाटीचा काठ अजून काळाच आहे आणि राजूरला मोदक त्यातूनच जातात.

आता तुम्हाला मागायचं ते मागते. तुमच्या घरी कधीतरी एखादी वस्तू हरवली असेल, कुणाकडे तरी बघितलं गेलं असेल, आणि मग ती वस्तू कपाटामागं, गादीखाली, बरणीत सापडली असेल. सापडल्याचं तुम्ही कुणाला सांगितलं होतं? नसेल सांगितलं, तर ती बाई आता कुठं काम करते ते शोधा. जितक्या दारांत हरवल्याचं बोलला होतात, तितक्या दारांत जा आणि तितक्याच मोठ्यानं सापडल्याचं सांगून या. आणि आज तुमच्याकडची बाई काम आटोपून निघेल तेव्हा दारात उभं राहू नका.